रिकामी ठेवलेली ओळ

या घरात येऊन मला फार दिवस झाले नव्हते, तेव्हा फळीच्या भिंतीआडून मी पहिलं भांडण ऐकलं. मी आत कांदे चिरत होते, म्हणून डोळे का पुसतेस असं कोणी विचारलं नाही. पुढच्या खोलीत मामंजी आणि वन्सं, म्हणजे माझे सासरे आणि माझी थोरली नणंद, एकमेकांवर तुटून पडले होते.

मामंजी पाट्या रंगवायचे. पुढची खोली हेच त्यांचं दुकान. साऱ्या घराला टर्पेंटाइनचा वास, इतका की पाहुण्यांना वाटायचं आम्ही त्यातच भाजी फोडणीला टाकतो.

"पंप सुरू झालाय का, बाबा?" वन्सं विचारत होत्या.

"मला काय माहीत? सरकारी ऑफिसने मजकूर दिलाय. त्यात 'सुरू' आहे, म्हणून मी 'सुरू' लिहितो."

"पंप अजून खोक्यात आहे. मी बघून आले."

"तू बघायला गेलीसच कशाला? त्या दातांच्या डॉक्टरच्या पाटीवर 'न दुखता दात काढून मिळतील' लिहिलं, तेव्हा आधी आपले काढून बघितले होते का?"

मला हसू फुटलं. तोंडावर हात दाबला तर कांदा डोळ्यांत गेला.

"दात एकाचा जातो, बाबा. या पाटीने वरच्या गल्लीची विहीर जाईल."

विहिरीचं असं होतं. वरच्या गल्लीतले लोक दर उन्हाळ्यात मिळून गाळ काढायचे. आता परदेशाच्या मदतीने पंपघर बांधलं होतं, दारोदारी नळ बसवले होते. पाटीवर 'सुरू' आलं की विहिरीत कोण उतरणार?

"लोक पाटीवर विश्वास टाकतात," वन्सं म्हणाल्या. "लिहायचं असेल तर तुमचं तुम्ही लिहा. मी ब्रश धरणार नाही."

मामंजींनी स्वतः लिहिलं. अक्षर काय सुंदर होतं त्यांचं! त्या उन्हाळ्यात विहिरीत कोणी उतरलं नाही, आणि खोक्यातल्या पंपाचा कुठलासा भाग समुद्रापलीकडून यायचा होता तो आलाच नाही. मग वरच्या गल्लीतल्या बायका आमच्या दारावरून खालच्या विहिरीवर पाण्याला जायच्या आणि जाता-येता एकेक वाक्य आमच्या उंबऱ्यावर टाकून जायच्या. "बाई, पेंटरच्या पाटीतून थेंब गळतो का बघ." मामंजी मान वर करायचे नाहीत. पाटी शेवटी एकाने खुराड्याला दार म्हणून लावली. 'दोन देशांच्या मैत्रीचे प्रतीक' या शब्दांमागे कोंबड्या निवांत अंडी घालायच्या.

वन्सं लग्नानंतर वर्षभरात माहेरी परत आलेल्या होत्या. का, ते ज्यांनी विचारलं त्यांना उत्तर मिळालं नाही, आणि मी विचारलं नाही म्हणून मला अर्धंमुर्धं कळलं. अंगाने काटकुळ्या, आवाज मात्र पलीकडच्या गल्लीत जाईल असा. नखांत कायम रंग. लहान भावाची बायको असूनही मला 'वहिनी' म्हणायच्या आणि कामाला लावायच्या. "वहिनी, शिडी धर," हे त्यांच्या तोंडून मी माझ्या नवऱ्याच्या हाकेपेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल.

मामंजी गेले आणि ब्रश वन्संच्या हातात आला. तेव्हा आमच्याकडे बाहेरच्या देशांची मदत बरीच यायची. शाळेला छप्पर, ओढ्यावर पूल, बियाण्यांचं गोदाम. प्रत्येकाची पाटी एकाच घाटाची. वर दोन देशांची चिन्हं, मधे हातात हात घेतलेले दोन पंजे, खाली कशाचं काय, कोणाच्या मदतीने, आणि सगळ्यात खालच्या ओळीत 'सुरू'. वन्सं म्हणायच्या, "हे दोन पंजे मी इतक्या वेळा काढलेत की कोणाची नखं वाढलीत ते मला झोपेत सांगता येईल."

त्या बाकी सगळी पाटी तेलरंगात रंगवायच्या आणि खालची ओळ रिकामी सोडायच्या. काम चालू झालेलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर जाऊन तो एक शब्द लिहायच्या, तोही साध्या पाण्याच्या रंगात. मी एकदा विचारलं, "असं का हो? ओला हात लागला तरी जाईल."

"जाऊ दे ना. 'सुरू' हा काय जन्मभर टिकणारा शब्द आहे?"

सगळंच फसायचं असं मी म्हणणार नाही. पूल झाला तेव्हा त्यावरून विटांनी भरलेला ट्रक जाईपर्यंत वन्सं उन्हात बसून राहिल्या, आणि ट्रक पलीकडे पोचल्यावर अशा खुशीत लिहिलं की शब्दाखाली एक मासाही काढला. तो पूल अजून उभा आहे. शाळेचं छप्परही. पण गोदामाची ओळ रिकामी राहिली ती राहिलीच. हळूहळू साऱ्या वस्तीला सवय लागली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही खालची जागा भरलीय की मोकळी आहे, एवढं दिसायचंच. कोणाच्या जावयाला नोकरी लागल्याचं कानावर आलं की बायका विचारायच्या, "ओळ भरली का?"

आणि मग प्रसूतिगृहाचं निघालं.

तोवर आमच्याकडच्या बायकांना शहरातल्या मोठ्या इस्पितळात जायला मिळेल तो ट्रक धरायला लागायचा. सिमेंटच्या पोत्यांवर गादी टाकून बाईला निजवायचं आणि ड्रायव्हरला खड्डे चुकवायची शपथ घालायची. काही पोचायच्या, काही वाटेतच मोकळ्या व्हायच्या, आणि काहींना परत आणायला लागायचं. म्हणून प्रसूतिगृहाचा पाया खणला तेव्हा आम्ही बायका रोज काहीतरी निमित्त काढून तिकडून जायचो. इमारत देखणी झाली. पांढऱ्या फरशा, रुंद खिडक्या, वरखाली होणाऱ्या खाटा. माझी लेक पोटुशी होती, दिवस भरत आलेले. ती बाहेरून काचेला नाक लावून खाटा बघायची आणि म्हणायची, "ती खिडकीजवळची माझी."

वन्संनी खालची ओळ सोडून पाटी तयार केली होती, तेव्हा एके दिवशी ऑफिसचे साहेब आमच्या दारात आले. "पेंटरबाई, मंगळवारी पाहुणे येतायत. फीत कापायचीय. तेवढी खालची ओळ भरून टाका."

"नर्स आली?"

"येईल."

"वीज?"

"खांब आलेत."

"पाणी?"

"पाइप टाकलाय की."

"पाइपात काय आहे?"

साहेब तापले. "बाई, तुम्ही पाट्या रंगवता की चौकशी आयोग चालवता?"

"पाट्याच रंगवते. आयोगावर बसायला माणूस रिकामटेकडा लागतो."

"मग मी शहरातून फ्लेक्स छापून आणतो. 'सुरू' काय, 'जोरात सुरू' छापून देतात ते. आणि ऑफिसची कामं यापुढे विसरा."

"आणा फ्लेक्स. ऊन लागलं की पांढरा पडतो. मला घाई नाही."

साहेब गेल्यावर आमच्या ह्यांनी बहिणीला धारेवर धरलं. "अगं, एक शब्द! साधा एक शब्द लिहायला काय जात होतं? आता खायचं काय, हे ब्रश?"

"ट्रकांच्या फळ्या आहेत, दुकानांची शटरं आहेत. आणि जातं कसं नाही? शब्द वाचून कोणी कळा घेऊन त्या दाराशी आली आणि दाराला कुलूप असलं, तर तिला काय सांगू? आमच्या भावाला भूक लागली होती म्हणून?" मग माझ्या लेकीकडे बोट करून म्हणाल्या, "आणि ती कोणी ही असली तर?"

ह्यांनी ताट जवळ ओढलं आणि खाली मान घालून घास मोडला.

दुसऱ्या दिवशी नव्या इमारतीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फ्लेक्स लागला. वन्संनी तो लांबून बघितला, घरी आल्या, रंगाचे डबे काढले आणि म्हणाल्या, "वहिनी, शिडी धर."

"कुठे?"

"आपल्याच भिंतीला. ती तर आपली आहे ना?"

आमचं घर वळणावर. प्रसूतिगृहाकडे जाणारी प्रत्येक गाडी आमच्या भिंतीसमोर हळू होते. त्या भिंतीवर वन्संनी भर दिवसा, सगळ्यांच्या देखत, तीच पाटी रंगवली. तीच चिन्हं, तेच पंजे, तोच मजकूर, एकेक अक्षर हातभर. खालची ओळ रिकामी, आणि रिकामीपण नीट दिसावं म्हणून भोवती लाल चौकट. मी म्हटलं, "वन्सं, पोलीस आले तर?"

"तर त्यांनाही शिडी धरायला लावू. तुझे हात दमले असतील."

मंगळवारी गाड्या आल्या. पहिल्या गाडीत साहेब, दुसरीत पाहुणी बाई. उंच, केस पिकलेले, बुटांवर धूळ. वळणावर गाडी हळू झाली आणि तिला आमच्या भिंतीवर आपल्या देशाचं चिन्ह दिसलं. तिने गाडी थांबवली. साहेब धावत मागे आले. तिने भिंतीकडे बोट करून काही विचारलं. सोबत एक दुभाषा होता, गळ्यात ओळखपत्र अडकवलेला. साहेब त्याला भराभर म्हणाले, "सांग, स्वागतासाठी रंगवलंय. लोकांचं प्रेम."

दुभाषा घोटाळला. तेव्हा वन्सं त्याला म्हणाल्या, "भाऊ, भिंतीवर गाळायचं ते मी गाळलंय. आता तू काही गाळू नकोस. इथे नर्स नाही, वीज नाही, पाणी नाही. म्हणून ओळ रिकामी. एवढंच सांग, पण पुरं सांग."

त्याने सांगितलं असावं, कारण बाईचा चेहरा लाल झाला. ती ताठ आवाजात बोलली, आणि दुभाष्याने आम्हाला सांगितलं, "त्या म्हणतात, त्यांच्या वाट्याचं काम पूर्ण आहे. इमारत, खाटा, यंत्रं. नर्स, वीज, पाणी हे इथल्या सरकारकडे."

साहेब लगेच म्हणाले, "आमच्याकडूनही सगळं पुढे पाठवलंय. आमच्या बाजूने काही अडलेलं नाही."

"बघा!" वन्सं कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "ह्यांचं पूर्ण, त्यांचं पूर्ण. दोघांनी थाटामाटात लग्न लावलं आणि संसार कोणी करायचा ते ठरवलंच नाही. आता फीत कापा आणि फोटो काढा, म्हणजे आम्ही बायका फोटोत बाळंत होऊ."

दुभाषा हे सांगताना अडखळला, पण गाळलं काही नाही. मग पाहुण्या बाईची नजर माझ्या लेकीवर, तिच्या पोटावर गेली. तिने दुभाष्याकरवी विचारलं, "तू कुठे जाणार?"

लेक माझ्यासारखी भित्री. पण त्या दिवशी आत्या शेजारी उभी होती. म्हणाली, "ही ओळ भरली तर त्या खिडकीजवळच्या खाटेवर. नाही भरली तर सिमेंटच्या ट्रकात."

पाहुणी बाई पुढे गेली. आम्ही मागोमाग. तिने आत जाऊन प्रत्येक नळ फिरवला. कोरडा. दिव्याचं बटण दाबलं. अंधार. बाहेर फीत ताणलेली होती, तबकात कात्री होती. तिने कात्री उचलली, साहेबांच्या हातात दिली आणि काही न कापता गाडीत जाऊन बसली.

आम्हाला वाटलं, चला, जिंकलो. ह्यांनी तर शेजाऱ्यांना चहा पाजला. पण वन्संनी चहाला तोंड लावलं नाही. "कात्री परत दिल्याने पाणी येत नाही," म्हणाल्या.

आलंही नाही. इकडच्या सरकारने लाजेकाजेने नर्स पाठवली, मग तारा ओढून वीज दिली. नर्स तरुण होती, बोलकी, हाताची स्वच्छ. पाण्याचा मात्र पत्ता नव्हता, कारण त्या पाइपाला पाणी चढवायला मोटर लागणार हे दोन्हीकडच्यांच्या ठरावात कोणाच्याच वाट्याला गेलेलं नव्हतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत, एका दुपारी, माझ्या लेकीला कळा सुरू झाल्या.

मी वन्संच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. "आता बोला. सुरू की नाही? ट्रक बोलावू की तिकडे नेऊ?"

त्यांच्या हातात ब्रश होता. तो त्यांनी खाली ठेवला. "नर्स आहे," त्या म्हणाल्या, "दिवा आहे, खाट आहे. पाणी नाही. पाणी तर आपल्याकडे आहे." आणि दारात जाऊन अशा ओरडल्या की वरच्या गल्लीतली माणसं घराबाहेर आली.

बादल्या, हंडे, पातेली, एकीने तर रंगाचा घासलेला डबा आणला. खालच्या विहिरीपासून प्रसूतिगृहाच्या दारापर्यंत बायका रांगेने उभ्या राहिल्या आणि पाणी हातोहात पुढे गेलं. नर्स आत ते उकळत होती आणि ओरडत होती, "अजून!" पंपाच्या पाटीवरून ज्या आम्हाला टोमणे मारायच्या त्यांच्या सुना त्या रांगेत होत्या. संध्याकाळ व्हायच्या आत, खिडकीजवळच्या खाटेवर, माझी नात जन्मली. आवाज थेट आत्याआजीवर गेलेला.

सकाळी साहेब पेढ्यासारखं गोड तोंड करून हजर. "पेंटरबाई, अभिनंदन! आता तर बाळ झालं. आता लिहा 'सुरू'."

"बाळ झालं ते बायकांच्या हंड्यांवर. 'हंडे' लिहू का?"

"अहो, पण झालं ना?"

"काल झालं. उद्या जिला व्हायचंय तिने आधी शंभर बायका गोळा करायच्या का?" वन्सं नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. तिच्याकडे बघत म्हणाल्या, "घरच्या बाळापायी मी माझी रीत मोडीन असं वाटलं तुम्हाला? हिच्यापायीच तर मोडणार नाही."

नर्सने त्या रांगेचा फोटो काढून पाहुण्या बाईला पाठवला होता. थोड्याच दिवसांत ती परत आली, आणि या वेळी फीत नव्हती. साहेब, ती, नर्स आणि वन्सं आमच्या पुढच्या खोलीत, डब्यांच्या मधे, स्टुलांवर बसले. बराच वाद झाला. साहेब दोनदा उठून निघाले आणि दोनदा परत बसले. शेवटी ठरलं ते असं. मोटर तिकडून येईल. ती चालवायला आणि दुरुस्त करायला आमच्यातल्याच दोघी शिकतील. लागेल तो सुटा भाग देणं आणि विजेकडे बघणं इकडच्या ऑफिसचं. पाहुणी बाई म्हणाली, कामाचा अहवाल पाठवत जा. वन्सं म्हणाल्या, "अहवाल कशाला? पाटीचा फोटो मागवा. ओळ भरलेली असली तर सुरू, रिकामी असली तर बंद." त्या बाईला हे इतकं पटलं की ती मोठ्याने हसली, आणि दर महिन्याला नर्सने पाटीचा फोटो दोन्हीकडे पाठवायचा असं ठरलं.

मोटर आली, नळातून पाणी आलं, वन्संनी ओंजळीत घेऊन पिऊन बघितलं. मग व्हरांड्यात छताखाली खरी पाटी लावली. स्टूल डुगडुगत होतं. मी पुढे झाले, तर पाहुणी बाईच वाकून स्टूल धरून बसली होती. वन्सं वरून म्हणाल्या, "घट्ट धर गं," आणि दुभाषा हे सांगायच्या आधीच तिने पकड घट्ट केली. त्या दिवशी शब्दाखाली दोन मासे काढले.

ऑफिसने वन्संना पाट्या परत कधीच दिल्या नाहीत. त्यांनीही मागितल्या नाहीत. ट्रकांच्या फळ्या रंगवून घर चाललं. पण दर सोमवारी त्या प्रसूतिगृहात जायच्या. नळ फिरवायच्या, बटण दाबायच्या, नर्सला हाक मारायच्या. सगळं असलं तर परत. काही नसलं तर ओल्या फडक्याने 'सुरू' पुसायच्या. फडका घरूनच भिजवून न्यायच्या, कारण तिथे पाणी नसलं तर पुसणार कशाने? एकदा साहेबांनी पाटीला काच बसवली, तर वन्संनी काचेवरून काळा रंग फासला. काच निघाली.

आता तिथे गेलात तर तो शब्द जरा वाकडा दिसेल आणि खाली मासा नसेल. तो माझ्या हातचा आहे. माझी नात शिडी धरते. नळ शेवटचा बिघडला, तो दुरुस्त झाला तोवर वन्सं राहिल्या नव्हत्या.

त्यांच्या शेवटच्या सोमवारी अंगात ताप होता. मी म्हटलं, "आज राहू द्या."

"ताप मला आहे. नळाला नाही."

हात धरून निघालो. प्रसूतिगृहात एक बाई खाटेवर होती, दुसरी व्हरांड्यात फेऱ्या मारत होती. वन्संनी दिवा लावून बघितला. लागला. नर्सला हाक मारली. आता तिचेही केस पिकलेत. ती आली. आतल्या खोलीतला नळ फिरवला. नळ खोकला, दोन थेंब टाकले आणि गप्प झाला.

नवे साहेब तिथेच होते. वयाने आमच्या जावयाएवढे, स्वभावाने गरीब. हात जोडून म्हणाले, "आत्या, उद्या दोन्हीकडचे मोठे लोक येतायत. मोटरचा सुटा भाग परवा येतोय. एक दिवस थांबा, परवा पुसा."

वन्संनी फेऱ्या मारणाऱ्या बाईकडे बोट केलं. "तिला विचार. ती परवापर्यंत थांबतेय का?"

त्या बाईने मान हलवली आणि पोट धरलं.

"मोठे लोक येतायत तर चांगलंच आहे," वन्सं म्हणाल्या. "त्यांना फोटो मागवायला नको. वहिनी, वरच्या गल्लीत निरोप दे, हंडे काढा म्हणावं. आणि स्टूल कुठाय?"

स्टूल नर्सने आणलं, आणि धरलंही तिनेच. "पुसा आत्या," ती हळूच म्हणाली, "पुसलं की तो भाग आजच येईल."

वन्संनी शब्द पुसला. आधी अक्षरं, मग मासे. उतरल्या, दोन पावलं मागे जाऊन ओळ नीट रिकामी झालीय का ते बघितलं. परतताना रस्त्यात त्यांना हंडे घेतलेल्या बायका भेटल्या, तेव्हा बाजूला सरकून वाट दिली. घरी आल्यावर फडका साबणाने धुतला, पिळला, खिडकीच्या गजावर वाळत टाकला आणि म्हणाल्या, "वहिनी, चहा टाक. नळ आला की परत जायचंय."